यूएनची गाईडेड टूर, न्यूयॉर्क : एका रिटायर्ड कक्ष अधिकाऱ्याचा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. टूरला ५ पैकी साडेचार. अर्धा स्टार माझ्या गुडघ्यांनी कापलाय, यूएनवाल्यांचा त्यात दोष नाही, चालणं आणि जिने आहेत एवढं लक्षात ठेवा. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी बसून वाचा.

२०१९ ला पहिल्यांदा अमेरिकेला आलो तेव्हा एका टूर कंपनीबरोबर (नाव घेत नाही) न्यूयॉर्क एका दिवसात "केलं" होतं. बस थांबलीसुद्धा नाही, माईकवर आवाज आला "लेफ्ट साईडला यूएन बघून घ्या", आणि मी बसलो होतो राईटला. तेव्हापासून डोक्यात होतं की हे नीट बघायचं. या वेळी मुलाकडे एडिसनला दोन महिने होतो, नातवाची शाळा, मुलाचं आणि सूनबाईंचं ऑफिस, मग मी आणि आमची ही असे दोघेच १० जून २०२५ ला मंगळवारी निघालो. ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ग्रँड सेंट्रल, तिथून चालत फर्स्ट अव्हेन्यू. डोंबिवलीहून पस्तीस वर्षं व्हीटी केलेल्या माणसाला यात काहीच अवघड नाही, उलट बसायला जागा मिळाली तेव्हा चुकल्यासारखं वाटलं.

प्रॅक्टिकल गोष्टी पटकन सांगतो. तिकीट ऑनलाईन आधीच काढा. टूर सोमवार ते शुक्रवार असते, शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट बरोबर ठेवा. थेट गेटवर जायचं नाही, आधी रस्त्याच्या पलीकडे चेक-इन ऑफिस आहे तिथे पास घ्यायचा, मग एअरपोर्टसारखी तपासणी, त्यामुळे तासभर आधी पोचा. मोठी सॅक आत नेता येत नाही, आम्ही पोळीभाजी, थर्मास, दोन स्वेटर असा संसार घेऊन गेलो होतो, ती चूक आमची. पाच वर्षांखालच्या मुलांना टूरला घेत नाहीत. सप्टेंबरमध्ये जगभरचे नेते येतात तेव्हाचा आठवडा टाळा. तिकिटाच्या डॉलरला रुपयांनी गुणू नका, मी गुणलं आणि ही माझ्याशी ग्रँड सेंट्रलपर्यंत बोलली नाही.

आत शिरल्या शिरल्या नळीला गाठ मारलेलं पिस्तूल आहे, ब्राँझचं, भलं मोठं. फोटो सगळे तिथेच काढतात. आम्हीपण काढला. बागेच्या बाजूला हातोड्याने तलवार ठोकून नांगराचा फाळ करणारा माणूस आहे, तो १९५९ मध्ये सोव्हिएत युनियनने भेट दिलाय. कोणी दिलाय हे मुद्दाम सांगितलं, पुढे लागेल.

गाईड एक तरुण मुलगी होती, अतिशय तयार. कुठलाही प्रश्न विचारा, ती तारीख सांगेल, आकडा सांगेल, कलम सांगेल, पण मत सांगणार नाही. ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी विचारून बघितलं, तिन्ही वेळा ती हसून चार्टरच्या कलमावर गेली. मला तर ती आवडलीच, आमच्या खात्यात असती तर उपसचिव म्हणून रिटायर झाली असती.

आता मुख्य गोष्ट, सिक्युरिटी कौन्सिलचा हॉल. तिथे बैठक चालू असेल तर तो दाखवत नाहीत, आमचं नशीब चांगलं, रिकामा होता. दाराबाहेरच्या भिंतीवर पिकासोच्या गेर्निकाचं विणलेलं कापडी चित्र आहे. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्या गावावर विमानांनी बॉम्ब टाकले, गावातली साधी माणसं मेली, त्याचं ते चित्र. किंचाळणारी बाई, तिच्या हातात गेलेलं पोर, घोडा. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकबद्दल सांगायला आले तेव्हा या चित्रावर निळा पडदा टाकला होता, कारण काय तर टीव्ही कॅमेऱ्याला मागे बॅकग्राउंड नीट हवं. असेल बाबा. आपण नाही का पाहुणे आले की फुटलेल्या टाइलवर पायपुसणं सरकवतो.

हॉलमध्ये घोड्याच्या नालेसारखं टेबल. टीव्हीवर बघून वाटतं त्यापेक्षा जागा लहान आहे, मंत्रालयातला एखादा मोठा समिती कक्ष आठवला. नॉर्वेने सजवून दिलाय, समोर भिंतभर चित्र, मधोमध राखेतून उठणारा पक्षी, वर सुखी माणसं, खाली दु:खी. भिंतीच्या निळ्या-सोनेरी कापडावर नांगर (शेतीचा नाही, जहाजाचा), गव्हाची लोंबी आणि बदाम (खायचा नाही, पत्त्यातला) यांची नक्षी, म्हणजे श्रद्धा, आशा आणि दया. ही म्हणाली पैठणीच्या काठासारखं आहे. कडेला काचेमागे दुभाष्यांच्या केबिन, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश अशा सहा भाषा. इथे बसून "निषेध" हा शब्द सहा भाषांत एकदम होतो.

आणि इथेच माझी गाडी घसरली, कारण मी एकतीस वर्षं टिपण्या लिहिल्यात. बाहेरच्या माणसाला सगळे सरकारी शब्द सारखेच वाटतात, पण आम्हाला माहीत असतं की "निदर्शनास आणून देण्यात येते", "खेदजनक आहे", "नाराजी व्यक्त करण्यात येते", "गंभीर दखल घेण्यात आली आहे" आणि "सक्त ताकीद देण्यात येते" ही एकेक पायरी आहे आणि एक पायरी वर चढवायची तर साहेबाच्या केबिनमध्ये अर्धा दिवस जातो. यूएनमध्ये डिट्टो हेच. नुसती चिंता, मग तीव्र चिंता, मग खेद, मग निषेध, मग तीव्र निषेध, मग तीव्रतम शब्दांत निषेध. करायला सांगायचं त्याच्याही पायऱ्या आहेत, आवाहन, आग्रह, मागणी, निर्णय. कागदाच्याही पायऱ्या, प्रेस स्टेटमेंट म्हणजे समज, अध्यक्षीय निवेदन म्हणजे ज्ञापन (मेमो) आणि ठराव म्हणजे जीआर. प्रेस स्टेटमेंटला पंधराच्या पंधरा देशांची संमती लागते म्हणून ते निघतानाच पातळ होऊन निघतं.

लढाई थांबवायलाही वेगवेगळे शब्द, मानवतावादी विराम, शत्रुत्वाची समाप्ती, युद्धविराम. आपल्याला वाटेल काय फरक पडतो, खाली पोरं मरतायत. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातल्या या युद्धावर जो पहिला ठराव पास झाला, २७१२ नंबरचा, त्यात विरामाची "मागणी" होती ती शेवटी "आवाहन" झाली तेव्हा पास झाला. डिसेंबरात २७२० नंबरचा आला, त्यातलं "लढाई तातडीने थांबवा" जाऊन "लढाई थांबण्यासाठी परिस्थिती निर्माण करा" असं झालं. वाचल्यावर मला आमचं "आवश्यक ती पूर्वतयारी करण्यात यावी" आठवलं, ज्याचा अर्थ सगळ्यांना माहितीये. मग २५ मार्च २०२४ ला २७२८ नंबरचा ठराव, रमजानपुरता तात्काळ युद्धविराम आणि ओलिसांची सुटका, १४ मतं बाजूने, अमेरिका तटस्थ. त्यातही ऐन वेळी "पर्मनंट" शब्द काढून "लास्टिंग" घातला. कायमस्वरूपीऐवजी टिकाऊ. रशियाने जुना शब्द परत घाला म्हणून दुरुस्ती आणली, ती पडली. ठराव पास झाल्यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या आणि त्याच दिवशी अमेरिकेने सांगून टाकलं की हा ठराव बंधनकारक नाही. आमच्याकडे अशा जीआरला आम्ही "शोभेचा" म्हणायचो.

गाईडने व्हेटो छान समजावून सांगितला, पंधरापैकी नऊ मतं हवीत आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाचांपैकी कुणाचा नकार नको. आम्ही गेलो त्याच्या सहाच दिवस आधी, ४ जूनला, याच टेबलावर कौन्सिलच्या दहा निवडून आलेल्या देशांनी मिळून गाझात बिनशर्त आणि कायमचा युद्धविराम मागणारा ठराव आणला होता. १४ हात बाजूने, १ विरुद्ध, ठराव संपला. अमेरिकेचं म्हणणं, यात हमासचा निषेध नाही, हमासने शस्त्रं खाली ठेवावीत असं लिहिलेलं नाही. आता गंमत बघा, १८ ऑक्टोबर २०२३ ला ब्राझीलने आणलेल्या मसुद्यात हमासच्या हल्ल्याचा निषेध होता, त्याला १२ मतं पडली, तोही अमेरिकेने पाडला, तेव्हा कारण होतं की इस्रायलच्या स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख नाही. अशा फायली मी बघितल्यात. त्रुटी पूर्ण करून पाठवा की नवीन त्रुटी. साहेबाला सही करायचीच नसते, त्रुटी हे निमित्त.

आणि कोणी लगेच झेंडा घेऊन धावू नका, दुसऱ्या बाजूचंही तेच आहे. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याचा ठराव आला त्याला ११ मतं होती, विरुद्ध एकच, रशियाचं, आणि त्या महिन्यात कौन्सिलचं अध्यक्षपदही रशियाकडेच. म्हणजे चौकशी ज्याची, तोच चौकशी समितीचा अध्यक्ष. तो तलवार ठोकणारा पुतळा बाहेर उभाच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुदानमधल्या नागरिकांना वाचवायचा ब्रिटन आणि सिएरा लिओनचा मसुदा, १४ बाजूने, परत एकटा रशिया विरुद्ध.

एक सुधारणा मात्र झालीये. एप्रिल २०२२ पासून नियम आहे की कोणी व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत जनरल असेंब्लीची चर्चा लागते आणि व्हेटोवाल्याला येऊन बोलायची संधी असते. लिक्टेनस्टाइन नावाच्या चिमुकल्या देशाने पुढाकार घेऊन हा आणला. म्हणजे शेवटी कारणे दाखवा नोटीसच की. खुलासा समाधानकारक नसला तर पुढे काय, हे मात्र त्यात नाही.

आता आपलं. गॅलरीत बसल्या बसल्या मला १९७१ आठवलं, मी तेव्हा शाळेत होतो, वडील रेडिओला कान लावून बसायचे. डिसेंबरमध्ये याच हॉलमध्ये युद्धविरामाचे ठराव आले आणि रशियाने आपल्यासाठी तीनदा व्हेटो मारला. आमच्या चाळीत पेढे वाटायचे बाकी होते. तिकडे जनरल असेंब्लीत ७ डिसेंबरला युद्धविरामाच्या बाजूने १०४ मतं पडली आणि आपल्या बाजूने फक्त ११. आपण थांबलो नाही. १५ ला पाकिस्तानचे भुट्टो याच टेबलावर कागद फाडून निघून गेले, १६ ला ढाक्यात शरणागती. पूर्व बंगालमध्ये त्याआधीचे नऊ महिने लोकांची कत्तल चालली होती तेव्हा हे टेबल गप्प होतं, त्यामुळे आपल्याला त्या व्हेटोचं वाईट वाटायचं कारण नाही असं मी आजही म्हणेन. पण मग व्हेटो वाईट असं मी कुठल्या तोंडाने म्हणू हाही प्रश्न आहेच. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग रिव्ह्यूत लिहा ना तसंच." लिहिलं.

जनरल असेंब्लीचा हॉल नंतर दाखवतात. हा टीव्हीवर दिसतो तसाच भव्य, हिरव्या संगमरवराचं व्यासपीठ, १९३ देशांच्या पाट्या. १९५३ मध्ये विजयालक्ष्मी पंडित असेंब्लीच्या अध्यक्ष झाल्या, पहिली बाई. त्यांच्या सासरचं मूळ कोकणातलं, हे मी शेजारच्या जर्मन जोडप्याला सांगितलं, त्यांनी भक्तिभावाने मान हलवली. इथे व्हेटो नाही, सगळ्यांना एकेक मत, पण ठराव बंधनकारक नाही. आमच्या सोसायटीची जनरल बॉडी आठवा, टाकी गळते हे एकमताने मंजूर. आम्ही परत आल्यावर दोनच दिवसांनी, १२ जूनला, गाझातल्या युद्धविरामावर इथे मतदान झालं, १४९ बाजूने, १२ विरुद्ध, १९ तटस्थ. तटस्थांत आपण. डिसेंबर २०२३ मध्ये तशाच ठरावाला आपण बाजूने मत दिलं होतं, त्याच्या आधी ऑक्टोबरमध्ये तटस्थ. तटस्थ राहण्यामागे कारणं असतील, मी काही परराष्ट्र खात्यात नव्हतो. पण फायलीवर "कृपया चर्चा करावी" असा शेरा मारून ती पुढे ढकलणारे साहेब मी जवळून बघितलेत, तो शेरा मारताना पेन कधी अडखळत नाही.

एक गोष्ट लिहू की नको विचार करत होतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं त्यात आमच्या डोंबिवलीतले तिघे गेले. ते युद्ध नव्हतं, दहशतवादी हल्ला होता, पण मेलेली माणसं सुट्टीवर गेलेली साधी माणसंच होती. आम्ही तेव्हा अजून डोंबिवलीतच होतो, त्या दिवसांत दुकानं बंद, स्टेशनबाहेर माणसं असूनही आवाज नाही. २५ तारखेला सिक्युरिटी कौन्सिलचं प्रेस स्टेटमेंट आलं, तीव्रतम शब्दांत निषेध, जबाबदार असणाऱ्यांना शिक्षा व्हावी वगैरे. सगळं बरोबर. फक्त त्यात टीआरएफ या दहशतवादी संघटनेचं नाव नव्हतं, आणि ते पाकिस्ताननेच काढायला लावलं असं पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी नंतर त्यांच्या सभागृहात सांगितलंसुद्धा, कारण तेव्हा पाकिस्तान कौन्सिलवर सभासद होता. पंधरापैकी ती एक खुर्ची. मी गॅलरीतून ती शोधत होतो, वरून सगळ्या सारख्याच दिसतात, निळ्या.

त्या दिवशी कळलं की निषेधाच्या कागदात जो शब्द असतो त्यापेक्षा जो काढलाय तो वाचता आला पाहिजे. आणि हेही कळलं की ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला तो कागद हवा असतो. आधी मी "कडी निंदा" म्हटलं की हसायचो सगळ्यांसारखा. आता नाही हसत. कागदावर नाव आलं, कुणी केलं ते आलं, तारीख आली, की पुढे वीस वर्षांनी का होईना ती नस्ती (म्हणजे फाईल, ती बंद केली की आमच्याकडे "नस्तीबद्ध") कोणीतरी उघडू शकतो. नाही आलं तर उघडायला काही राहत नाही. पण याने हल्ला थांबतो का, तर सुदानचं अल फाशेर बघा. १३ जून २०२४ ला कौन्सिलने २७३६ नंबरच्या ठरावात स्पष्ट "मागणी" केली की आरएसएफ या तिथल्या निमलष्करी दलाने शहराचा वेढा उठवावा. आवाहन नाही, मागणी, वरची पायरी. रशिया तटस्थ, बाकी १४ बाजूने. सोळा महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २०२५ ला, आरएसएफने ते शहर घेतलं आणि तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून जास्त माणसं मारल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. मग कौन्सिलने प्रेस स्टेटमेंट काढून निषेध केला. (हे सगळं मी भारतात परत आल्यावर वाचलं, रिव्ह्यू लिहायला उशीर झाला त्याचा एवढाच उपयोग. सप्टेंबरात गाझावर परत १४ विरुद्ध १ झालं तेही तेव्हाच वाचलं. तिथला युद्धविराम शेवटी १० ऑक्टोबरला लागू झाला तो या टेबलावर ठरला नव्हता.)

टूरच्या वाटेवर निःशस्त्रीकरणाचा कोपरा लागतो, तिथे घाई करू नका. हिरोशिमा-नागासाकीच्या वस्तू आहेत, उष्णतेने वितळून एकमेकांना चिकटलेली नाणी. आणि नागासाकीच्या चर्चच्या ढिगाऱ्यात सापडलेला संत ॲग्नेसचा दगडी पुतळा. पुढून बघितलात तर शांत चेहरा, हातात कोकरू, काही झालंय असं वाटत नाही. मागे जाऊन बघा. पाठ पूर्ण करपलेली, दगडाला फोड आल्यासारखे खड्डे, कारण तो पालथा पडला होता. ही तिथे बराच वेळ उभी होती. तिने पुतळ्याच्या पाठीमागे हात नेला, लावला नाही, भाकरी भाजली का बघताना तव्यावर हात धरतो तसा जरा लांब धरला आणि मागे घेतला. गाईड पुढे गेली तरी ती हलेना, शेवटी मीच म्हटलं चल.

खाली तळघरात पुस्तकं, गिफ्ट शॉप, कॉफी आणि पोस्ट ऑफिस आहे. कॉफी ठीक. किचेन वगैरे घेऊ नका, उगाच महाग. पोस्ट ऑफिस चुकवू नका. यूएनची स्वतःची तिकिटं आहेत आणि ती फक्त तिथूनच टाकलेल्या पत्रावर चालतात, बाहेरच्या पेटीत टाकलंत तर उपयोग नाही. मी दोन कार्डं घेतली. एक नातवाला. दुसरं आमचे जुने अवर सचिव, आता ठाण्याला असतात, त्यांना. त्यावर सवयीने विषय, संदर्भ लिहिला आणि खाली, "महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर की, मसुदा उत्तम आहे, सर्व टेबलांवरून फिरून आला आहे, एका टेबलावर प्रलंबित आहे."

आम्ही डोंबिवलीत परतल्यावर त्यांचा व्हॉट्सॲप आला. कार्डाचा फोटो, त्यावर लाल पेनाने, त्यांच्या त्याच तिरक्या अक्षरात, "पाहिले. नस्तीबद्ध करू नये." आणि खाली तारखेसह सही.